रक्ताची तपासणी काय सांगते, काय सांगत नाही

(आरोग्य शिबिरात कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



गरोदर बाईच्या रक्तात एचआयव्ही आढळतो. नवऱ्याची तपासणी नंतर होते, नाहीतर होतच नाही. आणि घरात ठरून जातं, 'हिनंच आणला.' अशा वेळी आपण तिच्या बाजूनं उभ्या राहतो. त्याला शास्त्राचाही आधार आहे, तो आज समजून घेऊ या.

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात, एका घनमिलिमीटरमध्ये साधारण ४००० ते ११०००. जंतू शरीरात शिरला की भक्षक पेशी त्याला गिळतात आणि त्याचे तुकडे आपल्या अंगावर मांडून दाखवतात. मदतनीस पेशी, म्हणजे सीडी-४, ते तुकडे परके म्हणून ओळखतात आणि इतरांना कामाला लावतात. काही पेशी प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडीज, तयार करतात. ती जंतूला चिकटून त्याला निकामी करतात. मारक पेशी जंतू शिरलेल्या पेशीच नष्ट करतात. नंतरही काही पेशी त्या जंतूची ओळख ठेवतात. म्हणून गोवर सहसा पुन्हा होत नाही. लस हीच ओळख आजाराशिवाय करून देते.

एचआयव्ही शिरतो तो नेमका सीडी-४ पेशींत. उपचार नसतील तर त्या वर्षानुवर्षं घटत जातात. २०० च्या खाली गेल्या की त्याला एड्सची अवस्था म्हणतात. मग टीबीसारखे आजार सहज गाठतात.

आता तपासणीकडे येऊ. नेहमीची तपासणी मुख्यतः प्रतिपिंडं शोधते. त्यातून तीन गोष्टी निघतात.

एक, प्रतिपिंडं दिसायला काही आठवडे, कधी तीन महिने लागतात. त्यामुळे संसर्ग नुकताच झालेला असेल तर अहवाल 'निगेटिव्ह' येऊ शकतो. तपासणी पुन्हा करावी लागते.

दोन, प्रतिपिंडं संसर्ग झाल्याचं सांगतात. केव्हा झाला, कुणाकडून झाला, हे सांगत नाहीत. गरोदरपणात बाईची तपासणी होते म्हणून तिचं आधी कळतं, इतकंच.

तीन, आईची प्रतिपिंडं वारेतून बाळाला मिळतात आणि १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात. ती सापडली म्हणजे बाळाला लागण झालीच असं नाही. त्यासाठी दीड महिन्याच्या बाळाची विषाणू शोधणारी वेगळी तपासणी असते. उपचाराविना बाळाला संसर्ग होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. आईनं वेळेवर औषधं घेतली तर ती ५ टक्क्यांच्या खाली आणता येते. ही औषधं सरकारी केंद्रांत २००४ पासून मोफत मिळतात. २०१७ पासून सीडी-४ कितीही असले तरी ती सुरू करता येतात.

कायदाही आहे. २०१७ साली झालेला एचआयव्ही-एड्स कायदा २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय तपासणी करता येत नाही, अहवाल गुप्त ठेवावा लागतो आणि बाधित बाईला राहत्या घरातून काढता येत नाही.

म्हणून तिची परवानगी असेल तर सासरच्यांशी बोला. त्यांना विचारा, या कागदावर तपासणीची तारीख आहे, संसर्गाची तारीख कुठं लिहिली आहे, दाखवा.