गुडघा दुखतो, पण कशामुळे?



कृष्णाकाठी कुणाचं दुखणं हाताबाहेर गेलं की घरातली जाणती माणसं म्हणतात, "मिरजेला न्या." या सल्ल्यामागे सव्वाशे वर्षांहून मोठा इतिहास आहे. विल्यम वॉन्लेस या मिशनरी डॉक्टरांनी 1894 साली मिरजेत रुग्णालय उघडलं. तेव्हापासून आपल्याकडचे आणि पलीकडच्या कर्नाटकातले रुग्ण त्या गावाची वाट धरत आले. 1962 साली तिथं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झालं. हाडांच्या उपचारात तर डॉ. जी. एस. कुलकर्णी यांच्यासारख्यांनी मिरजेचं नाव देशभर नेलं. इथं कराडला कृष्णा रुग्णालय आहे, साताऱ्याला आणि सांगलीला मोठी सरकारी रुग्णालयं आहेत. एवढ्या अंतरात इतकी वैद्यकीय सोय असलेले टापू महाराष्ट्रात फार थोडे आहेत.

तरीही मी हाडांचा डॉक्टर म्हणून याच टापूत अशी माणसं पाहत आलो, की पिशवीत चार-पाच दवाखान्यांच्या फायली आहेत, गुडघ्यामुळे पाय टेकवत नाही, आणि तो का दुखतो हे एकाही कागदावर लिहिलेलं नाही. आज मला त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

या माणसांना उत्तरं मिळालेली नसतात असं नाही. "ग्रीस संपलंय." "गॅप पडलाय." "वय झालं, आता असंच चालायचं." ही उत्तरं ऐकून माणूस घरी जातो आणि शोध तिथंच थांबतो. पन्नाशीच्या पुढच्या कुणाच्याही गुडघ्याचा फोटो काढा, थोडीफार झीज अनेकदा दिसते. ती झीज वीस वर्षं हळूहळू होत आली असेल आणि दुखणं गेल्या मंगळवारी सुरू झालं असेल, तर या दोहोंची गाठ आपोआप कशी मारता येईल?

एक उदाहरण सविस्तर सांगतो, कारण आपल्या भागात ते फार दिसतं आणि फार निसटतं. पन्नाशीतली शेतकरी बाई. जन्मभर उकिडवं बसून खुरपणी केली, धारा काढल्या, भांडी घासली. एके दिवशी पायरी उतरताना किंवा बसल्या जागेवरून उठताना गुडघ्याच्या मागच्या बाजूला टक् असा आवाज झाला आणि जीव कासावीस करणारी कळ आली. त्या दिवसापासून ती लंगडते. फोटो काढला, हाडं ठीक. "सूज आहे, गोळ्या घ्या." गोळ्या संपल्या, कळ तशीच. मग सुई मारली, शेक दिला, पट्टा बांधला. घरातले म्हणायला लागले, फोटोत काही नाही म्हणजे फार काही नसणार.

गुडघ्यात मांडीच्या आणि नडगीच्या हाडांमध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. अशा बाईच्या गुडघ्यात आतल्या बाजूच्या गादीचं मागचं टोक हाडाला जिथं घट्ट धरलेलं असतं, तिथून ते सुटतं. टोक सुटलं की गादी कडेला सरकते आणि शरीराचा भार थेट कूर्चेवर येतो. गादी जागेवर असून नसल्यासारखी होते. उकिडवं बसणाऱ्या, मांडी घालणाऱ्या आशियाई समाजांत ही इजा जास्त आढळते; कोरिया आणि जपानच्या डॉक्टरांनी तिचा बारकाईनं अभ्यास केला आहे. साध्या फोटोत गादी दिसतच नाही. एमआरआयमध्ये दिसते, तीही पाहणाऱ्याला ते टोक मुद्दाम बघायचं ठाऊक असेल तर. वेळेत कळलं तर योग्य रुग्णात ते टोक पुन्हा बसवता येतं. वर्ष-दोन वर्षं गेली की गुडघा खरोखरच झिजतो. मग "वय झालं" हे वाक्य खरं ठरल्यासारखं वाटतं. ते खरं ठरलेलं नसतं, उशीर झालेला असतो.

यावरून कुणी म्हणेल, मग सगळ्यांचाच एमआरआय काढा. तेही चालणार नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात सामान्य वस्तीतल्या 991 जणांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढले गेले. तो अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. ज्यांची गादी फाटलेली दिसली, त्यांतल्या 61 टक्के लोकांना आदल्या महिन्यात गुडघ्याचा कसलाही त्रास नव्हता. अहवालात "फाटली आहे" असं लिहून आलं म्हणून दुखण्याचं कारण सापडलं असं होत नाही. कधी सुरू झालं, कसं सुरू झालं, नेमकं बोट कुठं ठेवता, रात्री झोपमोड होते का, हे विचारून हातानं तपासल्यावर जो संशय येतो, त्याची खात्री करायला एमआरआय आहे.

कधी कधी दोष गुडघ्यात नसतोच. खुब्याला आणि गुडघ्याला जाणाऱ्या काही नसा एकच आहेत, त्यामुळे खुबा बिघडला तरी माणूस गुडघा धरून येतो. सहा-सात वर्षांचं पोर गुडघा दुखतो म्हणत लंगडत असेल, तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा कमी झालेला असू शकतो. वाढत्या वयाच्या मुलांत तो गोळा जागेवरून सरकतो. मोठ्यांत तो सुकतो; दारू आणि स्टिरॉइड ही त्याची ठळक कारणं. स्टिरॉइडचं नाव मी मुद्दाम घेतोय. आठवडी बाजारात आणि गावोगावच्या 'वातावरच्या' पुड्यांत ते लपवून घातलेलं सापडतं. दोन दिवसांत माणूस पळायला लागतो, पुढे चेहरा गोल होतो, साखर वाढते, आणि मूळ आजार आतल्या आत झाकला जातो. पुडीनं चमत्कारासारखा गुण आला, तर आनंद मानू नका, ती पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

एमआरआयच्या अहवालाचं जे, तेच रक्ताच्या तपासण्यांचंही. भिगवणला 1996 साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकानं घरोघर जाऊन 4092 प्रौढांची पाहणी केली. सुमारे 18 टक्के लोकांना हाडा-सांध्यांचं दुखणं होतं. आमवात मात्र जेमतेम अर्ध्या टक्क्याला. तरी रक्तात 'आरए फॅक्टर' पॉझिटिव्ह आला म्हणून आमवाताच्या गोळ्या सुरू झालेली माणसं भेटतात. निरोगी म्हाताऱ्या माणसांतही तो पॉझिटिव्ह येतो. उलट, तापानंतर महिनोन्महिने सांधे धरले असतील तर चिकुनगुन्या आठवायला हवा. बार्शीला 1973 साली त्याची साथ आली होती, आणि 2006 साली तो पुन्हा राज्यभर पसरला.

काही गोष्टींना मात्र थांबायला वेळ नसतो. गुडघा लाल, गरम, टम्म सुजलेला आणि अंगात ताप असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सांध्यात पू झाला तर काही दिवसांत कूर्चा खाऊन टाकतो. शाळकरी मुलाचा गुडघा रात्री ठणकत असेल आणि सूज वाढत असेल तर "खेळताना लागलं असेल" म्हणून थांबू नका, फोटो काढा. हाडाचा कर्करोग याच वयात आणि याच जागी जास्त दिसतो. महिनोन्महिन्यांची सूज, बारीक होत गेलेली मांडी, संध्याकाळचा कणकण ताप, हे क्षयाचंही असू शकतं, आणि क्षय औषधानं बरा होतो.

सांधेबदलाविषयी प्रश्न येणारच, म्हणून सांगून टाकतो. 2017 साली केंद्र सरकारनं कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली आणि शस्त्रक्रिया अनेकांच्या आवाक्यात आली. पूर्ण झिजलेल्या गुडघ्याला ती वरदान आहे. पण फोटोत झीज किरकोळ, दुखणं भयंकर आणि कारण अज्ञात अशा वेळी सांधा बदलला, तर दुखणं तसंच राहण्याची शक्यता बरीच असते. कारण कळेपर्यंत शस्त्रक्रिया थांबू शकते.

आणि सगळं करूनही कारण सापडलं नाही तर? तसंही होतं. लहानशा इजेनंतर नसाच बिघडतात, चादरीचा स्पर्शही सोसवत नाही, कातडीचा रंग बदलतो. या आजाराला स्वतंत्र नाव आणि उपचार आहेत. जिथं तेही बसत नाही, तिथं डॉक्टरांनी "मला अजून कळलेलं नाही, महिन्यानं पुन्हा तपासू" एवढं स्पष्ट सांगावं. "मनाचं आहे" म्हणू नये. घरच्यांनीही म्हणू नये.

रुग्णांना माझी विनंती आहे, की दवाखाना बदलताना जुने फोटो घरी ठेवून जाऊ नका आणि दुखणं कोणत्या दिवशी, काय करताना सुरू झालं ते एका कागदावर लिहून न्या. गुडघ्याचा फोटो उभं राहून काढायला सांगा. "माझा खुबा तपासलात का?" असं विचारायला संकोच करू नका.

शेवटची विनंती या सभागृहातल्या डॉक्टरांना आणि रुग्णालयांच्या विश्वस्तांना. आपल्याकडच्या कितीतरी बायकांचा गुडघा स्टुलावर बसवून, लुगड्यावरूनच चाचपला जातो. अशा तपासणीत निदान होणार नाही. प्रत्येक बाह्यरुग्ण विभागात एक तपासणीचा पलंग, एक पडदा आणि सोबतीला एक परिचारिका ठेवा. एमआरआय यंत्राच्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही, तो आधी करा.