शिलाई मशीन घेताना

मशीन कोणतं घेऊ, असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, "शिवणार काय?" घाटकोपरच्या आमच्या इमारतीतल्या एका वहिनींना ब्लाउज शिवून आणि साड्यांना फॉल-पिको करून घराला हातभार लावायचा होता. भिशीचे पैसे तेवढ्यासाठीच राखलेले. आपलं काळं पायमशीन दणकट, सरळ टीप उत्तम घालतं. पण पिकोसाठी सुई डावी-उजवीकडे हलावी लागते, म्हणजे झिगझॅगचं मशीनच हवं. पन्नास नक्षीटाक्यांना मात्र भुलू नका. एरवी वापरात येतात चार!

दुकानात जाताना घरचंच कापड न्या. रुबिया, शिफॉन, जुन्या जीन्सचा तुकडा. दुकानातली कडक चिंधी कुठल्याही मशीनवर छानच शिवली जाते. जीन्सची चार पदरी घडी घालून बघा. टीप उलटून पाहा. खाली दोऱ्याचे फास दिसले तर बहुधा वरचा ताण सैल असतो, तो जुळवून पुन्हा शिवायला लावा. बॉबिन स्वतः भरा, सुई स्वतः ओवा. आणि दुरुस्तीला कारागीर घरी येईल का, हे पैसे मोजण्याआधी विचारा. बंद पडलेलं मशीन घेऊन गर्दीच्या लोकलमध्ये कोण चढणार?