पक्षी कोणत्या कुळांतले?



अकोल्याहून कळसूबाईकडे जातांना दोन्ही बाजूंस जो काळा पाषाण दिसतो, तो सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा आहे. त्याच सुमारास डायनोसॉर पृथ्वीवरून नाहींसे झाले, असें आपण ऐकतों. मात्र त्या पाषाणावर बसलेला भारद्वाज हा डायनोसॉरच होय, असें आजचे प्राणिशास्त्रज्ञ म्हणतात. त्यांचें म्हणणें तपासून पाहूं.

१८६१ सालीं जर्मनींत आर्किऑप्टेरिक्स या प्राण्याचे अवशेष सांपडले. त्याला पक्ष्याप्रमाणें पिसें होतीं, तसेच दांत आणि हाडांची लांब शेपटीहि होती. लवकरच टॉमस हक्स्ले यांनीं पक्षी व डायनोसॉर यांचें नातें प्रतिपादिलें. पोकळ हाडें, तीन बोटांवर टेकणारा पाय, गळ्याखालचें दुबेळकें हाड, हीं कोंबडीचीं लक्षणें मांसाहारी डायनोसॉरांतहि आढळतात. १९९६ सालीं चीनमध्यें तर अंगावर पिसांसारखें आच्छादन असलेला डायनोसॉर उजेडांत आला. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यांत पिसदुरा येथें ज्यांचीं हाडें मिळालीं, ते अवाढव्य शाकाहारी डायनोसॉर मात्र पक्ष्यांचे पूर्वज नव्हेत. दूरचे भाऊबंद होत.

यावर कोणी म्हणेल, उष्ण रक्ताच्या, आकाशांत विहरणाऱ्या पक्ष्यास मगरीच्या पंक्तीस कां बसवावें? येथें प्रश्न वाटणीच्या तत्त्वाचा आहे. मनुस्मृतींत पक्षी, सर्प, मगर, मासे व कांसव यांस ‘अंडज’ हें एकच नांव आहे. ती वाटणी जन्माच्या रीतीवरून केलेली. लिनियस यांनीं १७५८ सालीं पक्ष्यांचा वर्ग निराळा ठेवला, तो रूपगुणांवरून. आजचें शास्त्र कूळ पाहतें. आणि कुळानें मगर ही पालीपेक्षां पक्ष्यास अधिक जवळची आहे! मग पाल आणि मगर यांस एका घरांत घेऊन पक्ष्यासच बाहेर ठेवणें न्यायाचें कसें होईल? घराण्याची एक शाखा मुंबईस गेली, तिचा पोशाख व राहणी बदलली, तरी वंशावळींतून तिचें नांव कोणी खोडीत नाहीं.

व्यवहारांत पक्ष्यास पक्षीच म्हणावें. शाळेंत त्यांचा धडाहि स्वतंत्र असावा. परंतु त्या धड्यांत त्यांचें कूळ सांगितलें पाहिजे. नाहींतर मुलें प्राण्यांचीं नांवें पाठ करतील, आणि तीं नांवें कोणत्या आधारावर दिलीं, हें विचारावयाचें मात्र राहून जाईल.