पाहुण्यांचे डोंगर
(कार्यकर्त्यांच्या मेळाव्यातील भाषण)

दक्षिण चीनमधल्या ‘हाक्का’ लोकांच्या नावाचा अर्थच पाहुणी घराणी. शेकडो वर्षे राहूनही पाहुणेच!

त्यांच्या वंशावळी सांगतात, मूळ घर उत्तरेला, पिवळ्या नदीच्या मैदानात. इ.स. ३११ मध्ये लोयांग पडले, तांग राजवटीच्या अखेरीस हुआंग चाओचे बंड झाले, ११२७ मध्ये खायफंग गेले. दर वेळी माणसे दक्षिणेकडे सरकली आणि फुजियान, ग्वांगडोंग, जियांग्सी यांच्या सीमेवरच्या डोंगरांत स्थिरावली. वंशावळीत घराण्याचा अभिमानही मिसळलेला असतो. मी तरी त्यातले सगळेच अक्षरशः घेत नाही.

पण ते डोंगर रिकामे नव्हते. तिथे शे नावाचे आदिवासी झाडोरा जाळून फिरती शेती करत. दोघे शेजारी नांदले, सोयरिकीही झाल्या.

१८४७ मध्ये बाझेल मिशनचे हॅम्बर्ग हाक्कांत काम करायला गेले. १८६० मध्ये हाक्का बोलीत मत्तयाचे शुभवर्तमान छापले गेले. पाहुण्यांची बोली अशी कागदावर आली. आज बहुतेक शे घरांत हाक्काच्या जवळचीच बोली बोलतात. त्यांची स्वतःची बोली ग्वांगडोंगमधल्या मोजक्या गावांत, हजारेक माणसांच्या तोंडी उरली आहे.