सुंठ, शूल आणि संकोच



ज्या बाईंच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी या शाळेत अनेक वर्षे शरीरविज्ञान शिकवले. प्रजननसंस्थेचा धडा ‘घरी वाचा’ असे सांगून उरकण्याच्या काळात त्या तो फळ्यावर आकृती काढून शिकवीत. त्यांची विद्यार्थिनी आणि व्यवसायाने स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून मी आज जो विषय निवडला आहे, तो सभागृहात क्वचितच बोलला जातो. मासिक पाळीत होणारी वेदना आणि तिच्यावरचा घरगुती उपाय, म्हणजे आले आणि सुंठ, हा तो विषय.

आल्याची ओळख करून देण्याची गरज नाही. आपल्या वडोदऱ्यात मराठी घरातले आले शेजारच्या गुजराती घरात ‘आदू’ होते. वाळले की दोन्हीकडे सुंठच. बाळंतिणीचा आहार असो वा रामनवमीचा सुंठवडा, ती हवीच. संस्कृतात तिला ‘विश्वभेषज’ आणि ‘महौषध’ अशी नावे आहेत. पाळीत पोट दुखू लागले की आजी सुंठ आणि गूळ कालवून देई किंवा आल्याचा काढा करी. हा उपाय खरा की केवळ मनाचे समाधान, हा प्रश्न आधुनिक वैद्यकाने विचारला आणि त्याचे उत्तरही बऱ्याच अंशी मिळाले आहे.

ही वेदना होते कशी, हे आधी पाहू. पाळी येण्यापूर्वी प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण घटते आणि गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. ती गर्भाशयाचे स्नायू आवळतात. रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्तपुरवठा घटतो आणि कळा येतात. याच द्रव्यांमुळे मळमळ आणि जुलाबही होतात. स्नायूंना आवळणारे असे काही द्रव्य पाळीच्या स्रावात असते, हे इंग्लंडमधील संशोधक पिकल्स यांनी 1957 साली दाखवले. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधे प्रोस्टाग्लँडिनची निर्मितीच रोखतात, हे जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये सिद्ध केले. 1982 चे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या तिघांत ते होते. म्हणजे ‘हे सगळे मनाचे खेळ’ असे मुलींना सांगण्याला आता शास्त्राचा काडीचाही आधार उरलेला नाही.

आल्यातील जिंजेरॉल आणि सुंठीत विशेषत्वाने आढळणारे शोगाओल ही द्रव्ये प्रोस्टाग्लँडिनच्या याच निर्मितीत अडथळा आणतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. प्रत्यक्ष रुग्णांवरील महत्त्वाचे प्रयोग इराणमध्ये झाले. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 150 विद्यार्थिनींचे तीन गट केले होते. एका गटाला पाळीच्या पहिल्या तीन दिवसांत सुंठीची 250 मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून चार वेळा दिली; उरलेल्या दोन गटांना मेफेनॅमिक अ‍ॅसिड आणि आयब्युप्रोफेन ही नेहमीची वेदनाशामके दिली. तिन्ही गटांत आराम जवळजवळ सारखाच पडला. 2012 च्या दुसऱ्या अभ्यासात 120 विद्यार्थिनींपैकी काहींना सुंठ आणि काहींना औषधगुण नसलेली कॅप्सूल दिली. सुंठ घेणाऱ्यांची वेदना अधिक कमी झाली. हे अभ्यास लहान आहेत, त्यांवरून अंतिम निकाल देता येणार नाही. पण आजीच्या हाताला गुण होता, एवढे म्हणायला हरकत नाही.

व्यवहारात सांगायचे तर अर्धा ग्रॅम सुंठपूड, म्हणजे साधारण पाव चहाचा चमचा, दिवसातून तीन वेळा, जेवणानंतर कोमट पाण्यातून किंवा गुळाबरोबर घ्यावी. कळा असह्य होईपर्यंत थांबू नये. पहिल्याच दिवशी, किंवा तारीख ठाऊक असल्यास एक-दोन दिवस आधीच सुरुवात करावी. ओटीपोटावर गरम पाण्याच्या पिशवीचा शेक घ्यावा. आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी प्रमाण कमी ठेवावे. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी किंवा पित्ताशयात खडे असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुंठ औषध म्हणून घेऊ नये.

मात्र माझा खरा मुद्दा याच्या पुढचा आहे. आपल्या भाषेत ‘सुंठीवाचून खोकला गेला’ अशी म्हण आहे. पाळीच्या वेदनेबाबत आपण नेमकी हीच आशा बाळगतो. ‘लग्न झाले की थांबेल’, ‘एक मूल झाले की बरे होईल’, असे म्हणून मुलीला गप्प बसवतो. काहींचे दुखणे वयाबरोबर खरोखर कमी होते. पण सर्वांचे नाही. गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याचा एंडोमेट्रिओसिस नावाचा विकार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जननक्षम वयातील सुमारे 10 टक्के स्त्रियांना तो असतो, आणि त्याचे निदान होण्यात पुष्कळदा अनेक वर्षे जातात. त्याला सुंठ पुरत नाही. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक स्त्रिया पंधराव्या वर्षी सुरू झालेले दुखणे तिशीत प्रथमच बोलून दाखवतात. मधली वर्षे त्यांनी काढा पिऊन आणि ओठ मिटून काढलेली असतात.

म्हणून मातांना आणि शिक्षिकांना माझे सांगणे असे, की काढा देताना मुलीला चार प्रश्नही विचारा. दुखणे महिन्यागणिक वाढते आहे का? पाळी नसतानाही दुखते का? दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावे लागते का? शाळा बुडते का? यांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ असेल, तर तिला डॉक्टरांकडे न्या. त्या तपासणीला नेल्याने कुणाची अब्रू जात नाही.

सयाजीराव महाराजांनी 1906 साली या संस्थानात सर्वत्र प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, आणि त्यातून मुलींना वगळले नाही. मुलगी शाळेत आली पाहिजे, हे या भूमीने इतक्या लवकर ओळखले. तीच मुलगी दर महिन्याला दोन दिवस वेदनेमुळे घरी राहत असेल, तर ते काम अर्धेच राहिले आहे. आपल्या शाळेत एक शांत खोली, गरम पाण्याची पिशवी, सुंठीची बरणी आणि ‘काय होते ग?’ असे आपुलकीने विचारणारी एक बाई, एवढी सोय याच वर्षी व्हावी. त्याला फार पैसा लागत नाही. संकोच मात्र सोडावा लागतो, आणि तो आधी आपण मोठ्यांनी सोडायचा आहे.