संगीताचा तास कशासाठी?

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



साठ वर्षांच्या वाटचालीचा आनंद साजरा करताना एक प्रश्न मी आपल्यापुढे ठेवते. पालकसभेत तो दरवर्षी विचारला जातो : दहावीच्या गुणपत्रिकेत ज्याची मोजदाद होत नाही, तो संगीताचा तास गणिताला का देऊ नये? प्रश्न रास्त आहे. फॅक्टरीच्या पाळ्या सांभाळून मुलांना शिकवणाऱ्या आईवडिलांना तो विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. म्हणूनच त्याचे उत्तर थोड्या विस्ताराने द्यावे असे वाटते.

प्रथम रचनाकारांविषयी. युरोपात बीथोव्हेनने सिंफनी लिहिली की तिचा प्रत्येक स्वर कागदावर उतरतो आणि वाद्यवृंद तो तसाच वाजवतो. आपल्याकडे रचनाकार देतो त्या मोजक्या ओळी, स्थायीच्या आणि अंतऱ्याच्या. अठराव्या शतकात दिल्लीच्या महंमदशहाच्या दरबारातील नियामत खाँ यांनी ‘सदारंग’ या नावाने रचलेले ख्याल आजही गायले जातात. परंतु त्या ओळींतून तासभराचा राग उभा करण्याचे काम प्रत्येक गायकाला नव्याने करावे लागते. रागाचा नियम मोडायचा नाही आणि दुसऱ्याचे उत्तरही उतरवायचे नाही! आमच्या गणिताच्या शिक्षकांना विचारून पाहा, मुलांकडून त्यांची याहून वेगळी अपेक्षा काय असते?

आता या संगीताचा आपल्या प्रदेशाशी असलेला संबंध पाहू. अकबराच्या दरबारात जाण्यापूर्वी तानसेन रीवाच्या राजा रामचंद्राच्या पदरी होते. पुढे ग्वाल्हेरला हद्दू खाँ, हस्सू खाँ यांनी ख्यालगायकीला वैभव दिले. मिरजेजवळच्या बेडग गावी १८४९ साली जन्मलेले बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ही विद्या मिळवण्यासाठी ग्वाल्हेरपर्यंत आले, वासुदेवबुवा जोशी यांच्यापाशी शिकले आणि ती विद्या घेऊन दक्षिणेत परतले. मिरजेस त्यांच्याकडे शिकलेल्या विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि दरबारातले गाणे सामान्य घरांतील मुलामुलींसाठी खुले केले. पलुसकरांचे शिष्य प्रा. बी. आर. देवधर. देवधरांचे शिष्य कुमार गंधर्व. बेळगावजवळच्या सुळेभावी गावी जन्मलेले कुमारजी क्षयाने आजारी होऊन १९४८ च्या सुमारास कोरड्या हवेसाठी देवासला आले ते १९९२ पर्यंत, अखेरच्या श्वासापर्यंत, तेथेच राहिले. अंथरुणावर खिळलेले असताना त्यांनी माळव्यातील बायकांची गाणी कान देऊन ऐकली आणि त्या लोकधुनांतून नवे राग घडवले. त्यांच्या बंदिशींचा ‘अनूपरागविलास’ हा संग्रह १९६५ साली प्रसिद्ध झाला.

हा प्रवास नीट पाहावा. ग्वाल्हेरची विद्या मिरजेला गेली आणि काही पिढ्यांनी देवासला, म्हणजे याच मध्य प्रदेशात, परत आली. येताना ती समृद्ध होऊन आली. मराठी माणूस येथे केवळ नोकरीसाठी आला असे जे म्हणतात, त्यांना ही गुरुपरंपरा सांगावी. आपण येथून घेतले आहे आणि येथे दिलेही आहे.

भाषेच्या दृष्टीनेही एक गोष्ट सांगते. पेशाने वकील असलेले पंडित विष्णु नारायण भातखंडे देशभर हिंडले, घराण्यांनी जपून ठेवलेल्या बंदिशी त्यांनी मिळवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि रागांची दहा थाटांत मांडणी केली. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा त्यांचा ग्रंथ गुरुशिष्यांच्या संवादरूपात, मराठीत लिहिलेला आहे. उत्तर हिंदुस्थानच्या संगीताचे शास्त्र आधुनिक काळात प्रथम एवढ्या विस्ताराने मांडले गेले ते आपल्या मातृभाषेत. आणि ज्या बंदिशी ते शास्त्र सांगते, त्या बहुतांशी ब्रज भाषेतील! घरी मराठी आणि रस्त्यावर हिंदी बोलणाऱ्या आपल्या मुलांना हा वारसा जितका सहज उमगेल, तितका दुसऱ्या कोणाला उमगेल? दोन भाषांत वाढणे ही अडचण नसून ते सामर्थ्य आहे, हे त्यांना संगीताच्या तासाला न सांगता कळते.

वाद्यांची कथा तर रांझीकरांनी आवर्जून ऐकावी अशी आहे. मिरजेच्या तंबोऱ्यांची ख्याती सर्वत्र आहे. ते घडवणारी घराणी मूळची शिकलगारांची, तलवारी आणि भाले यांना धार लावणाऱ्यांची. शस्त्रांचे काम ओसरले तेव्हा तेच कसबी हात भोपळ्याकडे आणि तारांकडे वळले. दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे. जबलपूरहून सतन्याकडे निघालो की कटनीच्या पुढे मैहर लागते. तेथे महाराज ब्रजनाथसिंहांच्या आश्रयाला असलेल्या उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी साथीच्या रोगात पोरक्या झालेल्या मुलांना हाताशी धरून वाद्यवृंद उभा केला, तोच मैहर बँड. त्या वृंदासाठी त्यांनी बंदुकीच्या नळ्या कापून ‘नलतरंग’ हे वाद्य तयार केले. ज्यांच्या घरात तोफांच्या गाड्या आणि दारूगोळा बनवण्यावर संसार चालले, त्या आपल्याला या वाद्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागू नये. त्याच मैहरमध्ये पंडित रविशंकर, अली अकबर खाँ आणि अन्नपूर्णादेवी घडल्या, आणि आपले मराठी व्हायोलिनवादक व्ही. जी. जोग यांनीही त्याच उस्तादांकडून विद्या घेतली. गुरूने त्या पोरक्या मुलांना कोणत्या परीक्षेला बसवले होते? त्यांनी मुलांच्या हाती वाद्य दिले, एकमेकांचे ऐकत वाजवायला शिकवले आणि पोरक्यांचे एक कुटुंब झाले.

माझे उत्तर एवढेच आहे. संगीताच्या तासाने प्रत्येक मूल गायक होणार नाही, आणि तसा आग्रहही नाही. परंतु चाळीस मुले एका षड्जावर स्थिर होतात, तेव्हा आपला आवाज चढवण्याआधी दुसऱ्याचा ऐकावा लागतो, हे त्यांना अनुभवाने कळते. ज्या काळात सगळेच बोलत आहेत, त्या काळात ऐकता येणे ही लहान विद्या नव्हे. म्हणून आठवड्याचे संगीताचे दोन तास वेळापत्रकात राहतील. गणितासाठी जादा वर्ग शाळा सुटल्यावर घेऊ, त्याची जबाबदारी माझी.

आपल्याकडून दोन अपेक्षा आहेत. माजी विद्यार्थ्यांनो, घरी माळ्यावर गवसणीत पडून असलेली पेटी किंवा तबला शाळेला द्या. वाद्य वाजत राहिले तरच जिवंत राहते. पालकहो, या पावसाळ्यात मुलांसोबत एकच राग ऐका. मियाँमल्हार घ्या. भीमसेन जोशींचा ऐका, मग दुसऱ्या एखाद्या गायकाचा, मग सतारीवरचा. राग तोच असूनही प्रत्येकाचा पाऊस निराळा कसा, हे मुलांना विचारा. त्यांचे उत्तर ऐकल्यावर हा तास कशासाठी, हे मला पुन्हा सांगावे लागणार नाही.