अलास्काला जायचं, पण कुठल्या बोटीनं?

(व्हँकुव्हर परिसरातल्या मराठी मंडळींसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय मी निवडलेला नाही, तुम्हीच विचारून विचारून तो तयार केलात. तिळगूळ वाटून झाला की फोन सुरू होतात. "काका, आई-बाबा मेमध्ये येताहेत. अलास्काची क्रूझ करायची म्हणतोय, कुठली घेऊ?" अलीकडे त्याला एक शेपूटही असतं. "तीन-चार हजार माणसांच्या जत्रेत नको वाटतं हो. सत्तर-ऐंशी जणांच्या छोट्या एक्स्पिडिशन बोटी असतात म्हणे, ती घेतली तर?" जन्मभर मर्चंट नेव्हीत इंजिनं सांभाळली म्हणून हे मला विचारतात. इंजिनरूमला खिडकी नसते, हे कोणी लक्षात घेत नाही. असो.

या दोन बोटींतला फरक समजायचा तर १८८६ सालच्या एका अमेरिकी कायद्यापासून सुरुवात करावी लागते. परदेशी झेंड्याच्या जहाजानं अमेरिकेच्या एका बंदरात प्रवासी घेऊन दुसऱ्या अमेरिकी बंदरात उतरवायचे नाहीत, असा तो कायदा. निघालेल्या बंदरातच परत आणायचे असतील, तर वाटेत एखादं परदेशी बंदर घ्यावंच लागतं. मोठ्या क्रूझ बोटींवर झेंडा असतो बहामाचा, बर्म्युडाचा, नाहीतर पनामाचा. म्हणून त्या आपल्या व्हँकुव्हरच्या कॅनडा प्लेस धक्क्याहून सुटतात, आणि सिएटलहून सुटणाऱ्या बोटी परतताना व्हिक्टोरियाला एका संध्याकाळपुरत्या थांबतात. २०२१ मध्ये कोविडमुळे कॅनडानं बंदरं बंद ठेवली, तेव्हा त्या एका हंगामासाठी अमेरिकी काँग्रेसला वेगळा कायदा करावा लागला होता.

अलास्कातल्या छोट्या बोटी बहुतेक अमेरिकी झेंड्याच्या. त्यांना ही अट लागू नाही. त्या जुनोहून निघून सिटकाला किंवा केचिकानला सोडतात, आठवडाभर अलास्काच्या बाहेर जातच नाहीत. पण अमेरिकी झेंडा म्हणजे अधिकारी अमेरिकी, खलाशीही बहुतांश अमेरिकी आणि पगारही अमेरिकेतले. मोठ्या बोटीवर बफेमागे उभा असलेला मुलगा मडगावचा निघतो, आई उपास सोडतेय म्हटल्यावर आतून काहीतरी वेगळं करून आणतो. घरापासून महिनोन्‌महिने लांब राहून तो हे करत असतो, तेव्हा टिप देताना हात आखडू नका. छोट्या बोटीवर ऑरेगनची एखादी पोरगी सकाळी तुमची खोली आवरते, दुपारी रबरी बोट चालवते आणि रात्री जेलीफिशवर व्याख्यान देते. तिकिटाचा आकडा इथूनच फुगतो. मोठ्या बोटीवरच्या बाल्कनीच्या खोलीच्या तिप्पट-चौपट पैसे देऊन छोटीवर तुम्हाला गोल खिडकीची खोली मिळते, आणि न्हाणीघरात साबण पडला तर उचलायला आधी बाहेर यावं लागतं.

मग लोक एवढे पैसे कशाला देतात? तर दिवस आपल्या हातात राहावा म्हणून.

मोठ्या बोटीचा दिवस फार आधी ठरलेला असतो. जुनोचंच घ्या. बत्तीसेक हजार वस्तीचं राजधानीचं गाव. तिथे बाहेरून रस्ता जात नाही. विमानानं जा, नाहीतर पाण्यानं. अशा गावात एका दिवशी पंधरा-वीस हजार प्रवासी उतरायला लागल्यावर लोक वैतागले. कंपन्यांशी बोलणी करून २०२४ पासून दिवसाला पाचच मोठ्या बोटी असं ठरलं, आणि २०२६ पासून रविवार ते शुक्रवार १६,००० आणि शनिवारी १२,००० खाटांची मर्यादा. शनिवारी एकही मोठी बोट नको, हा प्रस्ताव मात्र २०२४ च्या ऑक्टोबरात मतदारांनी फेटाळला. दुकानं त्याच गिऱ्हाइकांवर चालतात ना! तेव्हा धक्क्यावरची जागा, यायची वेळ, जायची वेळ, सगळं बांधलेलं. वाटेत देवमासा दिसला म्हणून कॅप्टन थांबत नाही, आणि थांबला तर चार हजार माणसांची सहल बुडते.

छोट्या बोटीवर याच्या उलट. चॅटम सामुद्रधुनीतल्या एका संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो. स्पीकरवरून एवढंच आलं, "उजवीकडे सीगल जमलेत." ताटं तशीच टाकून सगळे पुढच्या डेकवर. हंपबॅक देवमासे हेरिंगच्या थव्याखाली गोल फिरत बुडबुडे सोडतात. त्या बुडबुड्यांच्या भिंतीत मासा कोंडला जातो, आणि मग सात-आठ देवमासे एकदम जबडे उघडून वर येतात. शंभर यार्डांच्या आत जायचं नाही असा नियम आहे, म्हणून बोट बाजूलाच होती. एकदा झालं, पाच-सात मिनिटांनी दुसऱ्या ठिकाणी, मग पुन्हा. बोट अंधार पडेपर्यंत हलली नाही. जूनमध्ये तिथे अंधार किती उशिरा पडतो, तुम्हाला माहीत आहे. माझं सूप कोणीतरी उचलून नेलं होतं.

हे ऐकून लगेच छोटी बोट बुक करू नका. ग्लेशियर बेचंही ऐका.

व्हँकुव्हर नावाच्या त्या कॅप्टनची माणसं १७९४ मध्ये तिथून गेली, तेव्हा ही खाडी जवळजवळ नव्हतीच. मुखाशीच बर्फाची भिंत उभी होती. १८७९ मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्यूर होडीतून आले तोवर बर्फ पन्नासहून अधिक किलोमीटर मागे सरकला होता, आणि आज खाडीच्या टोकाला पोहोचायला शंभरेक किलोमीटर आत जावं लागतं. या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ बोटींना परवानगी मिळते. उद्यानाचे रेंजर छोट्या नावेतून येऊन दोराच्या शिडीनं चढतात आणि दिवसभर माहिती सांगतात. मार्जरी ग्लेशियरसमोर बोट जागच्या जागी सावकाश फिरते, म्हणजे दोन्ही बाजूंच्या बाल्कन्यांना दर्शन मिळतं. डावी खोली की उजवी, यावर घरात भांडू नका. बर्फाची भिंत पाण्यावर सुमारे ७५ मीटर उंच. कडा तुटताना आधी दिसतो, गडगडाट मागून येतो. ऐंशीच्या आजींना खुर्चीत बसवून, पायांवर शाल घालून, हातात चहा देऊन हे दाखवता येतं. छोटी बोटसुद्धा त्याच बर्फासमोर येते, तिथे ती काही वेगळं दाखवत नाही. इंजिन मंद केल्यावर तरंगणाऱ्या बर्फाचा चुरचुर आवाज मात्र तिथूनच ऐकू येतो. त्यात कोंडलेली हवा फुटत असते, नुकत्याच फोडलेल्या सोड्यासारखी. तेवढ्यासाठी आजींना शिडीवरून रबरी बोटीत उतरवायचं का, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

कारण बाकी सगळं गुडघ्यांवर येऊन थांबतं. अशा बऱ्याच बोटींना लिफ्ट नसते, कित्येकींवर डॉक्टरही नसतो. बुक करण्याआधी हे दोन प्रश्न विचाराच. रोज गमबूट चढवायचे, लाइफ जॅकेट आवळायचं, खलाशानं मनगट धरलं की हलत्या बोटीच्या काठावर पाय टाकायचा. उतरताना बऱ्याचदा घोटाभर पाण्यातच. चिखलात अस्वलाचा पंजा उमटलेला दाखवतात, त्यात आपला बूट ठेवून पाहिला की लोक गप्प होतात. चाळिशी-पन्नाशीतल्या, चालणाऱ्या जोडप्यानं हे जरूर करावं. पण स्वतःला 'खरा' अलास्का बघायचा म्हणून आई-वडिलांना ओढत नेणं, याला मी हौस म्हणणार नाही. तीन पिढ्या एकत्र असतील तर निःशंकपणे मोठी बोट घ्या. फक्त कार्यक्रमात ग्लेशियर बे आहे का ते पाहा, आणि नकाशा उघडून बसा. सिएटलच्या बोटी व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेकडून, उघड्या समुद्रातून जातात. आपल्या इथून सुटणाऱ्या बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधल्या आडोशाच्या पाण्यातून, म्हणजे इनसाइड पॅसेजमधून जातात. ज्यांना बोट लागते, त्यांना हा फरक पहिल्याच रात्री कळतो. क्वीन शार्लट साउंडचा तुकडा मात्र दोघींनाही उघड्यावर पार करावा लागतो. छोट्या बोटी बहुतेक आडोशाच्या खाड्यांतच फिरतात, त्यामुळे त्यांवर उलट कमी लागते. हे ऐकून लोकांना नवल वाटतं.

आणि आपल्याला पुलाचाही आधार आहे. व्हँकुव्हर बंदराच्या तोंडावरच्या लायन्स गेट पुलाखाली ६१ मीटर मोकळी जागा आहे, तिच्यात न मावणाऱ्या अगदी नव्या, उंच बोटी इथे येऊच शकत नाहीत. वॉटरस्लाइड आणि गो-कार्टचा धांगडधिंगा नको असेल तर ही फुकटातली चाळणी समजा.

पर्यावरणाचं कोणी विचारलं तर इंजिनवाला म्हणून सांगतो, छोटी बोट म्हणजे आपोआप स्वच्छ असं नाही. माणशी किती इंधन जळलं हा हिशेब मांडला की काही छोट्या बोटी मोठ्यांपेक्षा वाईट ठरतात. कॅनडा प्लेसला २००९ पासून धक्क्यावरून वीज घ्यायची सोय आहे. तशी जोडणी असलेली बोट उभी असताना इंजिनं बंद ठेवू शकते. गावावर पडणारा भार हा मात्र वेगळा हिशेब, आणि तिथे मोठी बोट हरते. मोठ्या बोटींच्या थांब्यांत त्यातल्या त्यात हूना गावाजवळचं आयसी स्ट्रेट पॉइंट मला आवडतं. जुना मासळीचा कारखाना दुरुस्त करून हूना ट्लिंगिट या मूळनिवासी लोकांच्या कंपनीनं ते बंदर चालवलं आहे. अठराव्या शतकात वाढत्या बर्फानं ग्लेशियर बेमधून हुसकावलेली हीच ती माणसं. ग्लेशियर बेमधल्या बार्टलेट कोव्हला त्यांचं सामूहिक घर २०१६ मध्ये पुन्हा उभं राहिलं, पण तिथे मोठी बोट लागत नाही, छोटी लागते.

"मोठ्याच बोटीवरचा आलिशान स्वीट घेतला तर दोन्ही साधेल का?" असं एकानं विचारलंय. स्वीटचे पैसे छोट्या बोटीच्या खोलीइतके होतात, कधी जास्तच. त्यात बटलर मिळतो, वेगळं जेवणघर मिळतं. पण दिवस त्याच वेळापत्रकाचा. तेवढे पैसे आणि धड गुडघे दोन्ही असतील, तर मी छोटी घेईन.

शेवटी कागदपत्रं. कुठलीही बोट घेतलीत तरी अलास्का म्हणजे अमेरिका. कॅनडा प्लेसलाच अमेरिकी अधिकारी पासपोर्ट तपासतात. आई-वडिलांकडे भारतीय पासपोर्ट असेल तर अमेरिकेचा व्हिसा हवाच, आणि पीआर असलेल्या तुमच्यापैकी कित्येकांनाही. भारतातून अपॉइंटमेंट मिळायला लागणारा वेळ धरून, तिकिटाआधी तेच काम हातात घ्या.

आणि यंदा तो व्हिसा नाहीच मिळाला, तर पोर्ट हार्डीहून प्रिन्स रुपर्टला जाणारी बीसी फेरीज घ्या. उन्हाळ्यात ती दिवसाउजेडी जाते, सुमारे १६ तास, त्याच इनसाइड पॅसेजच्या कॅनडातल्या भागातून, ग्रेनव्हिल चॅनेलच्या अरुंद पाण्यातून. हिमनदी दिसत नाही, बटलर नाही, कॅफेटेरियातली कॉफी यथातथाच. डबा घरून न्या. गाडी चढवता येते, आडवं व्हायला केबिन मिळते. पण बुकिंग मार्चअखेरपर्यंत करून टाका, जुलै-ऑगस्टच्या गाड्यांच्या जागा भराभर संपतात.